पद्मजाबाईंच्या डब्या

मोरेश्वर बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांना पद्मजा चिंदरकरने सायन्स शिकवलेलं. त्यामुळे लालबागच्या त्या चाळीत ती कोणाची वहिनी नव्हती की काकू नव्हती. ती बाई होती. "बाई, पाणी आलं", "बाई, तुमचा नील खाली मारामारी करतोय." सासूसुद्धा चारचौघांत तिला बाईच म्हणायची, आणि म्हणताना जरा मान वर करायची.

परळच्या मराठी शाळेत तिला चौदा-पंधरा वर्षं झाली होती. शाळेत मुलं वर्षागणिक कमी होत चाललेली. दोन तुकड्यांची एक झाली, आता ती एकही भरेना. संस्थेचं ज्युनिअर कॉलेज मात्र जोरात होतं आणि तिथले फिजिक्सचे सर येत्या जूनमध्ये रिटायर होणार होते. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून सरळच सांगितलं, "एम.एस्सी. हातात असेल तर तुमचं नाव मी पुढे करते. नसेल तर तुम्ही सरप्लसमध्ये. मग कुठे पाठवतील ते देवाला ठाऊक."

एम.एस्सी. तिचं राहून गेलेलं. पहिलं वर्ष झालं आणि लग्न ठरलं, मग नील झाला, मग सासऱ्यांचं आजारपण. तीन वर्षांपूर्वी तिने मुक्त विद्यापीठात पुन्हा नाव घातलं. रविवारी माटुंग्याच्या एका कॉलेजात तास आणि प्रॅक्टिकल. रडतखडत सगळे पेपर सुटले. उरला एक प्रोजेक्ट आणि त्याचा प्रबंध. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. हा उन्हाळा हुकला तर सगळं पुन्हा श्रीगणेशापासून, आणि तेवढं बळ आता आपल्यात उरलेलं नाही, हे तिचं तिला पक्कं माहीत होतं.

प्रोजेक्टचा विषय तिला गौतम सरांनी सुचवला. सर तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लॅबमध्ये यायला वेळ नाही. तर लॅबच घरी न्या. तुमच्या चाळीतला रेडॉन मोजा."

रेडॉन म्हणजे एक वायू. जमिनीतून, दगडा-विटांतून हळूहळू झिरपत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. मोठ्या मशीनशिवायही तो मोजता येतो. प्लास्टिकच्या छोट्या डबीत तांबड्या फिल्मचा तुकडा आतून चिकटवायचा आणि डबी उलटी करून खोलीत टांगायची. तीन महिने तिच्याकडे बघायचंही नाही. त्या वायूचे कण फिल्मवर आदळून आदळून बारीक वळ उठवतात. नंतर फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली की वळांची भोकं होतात. मग मायक्रोस्कोपखाली ती भोकं मोजायची. जास्त भोकं, जास्त रेडॉन.

"म्हणजे काम फार नाही," दीपक म्हणाला. दीपक तिचा नवरा, लोअर परळला एका कंपनीत इमारतीची देखभाल बघतो. "टांगायचं आणि विसरायचं. आपल्या संसारासारखं."

"विसरायला मला कोण देतंय," ती म्हणाली.

गणपती गेले आणि तिने तळमजल्यापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत डब्या टांगल्या. कोणी नाही म्हटलं नाही. प्रत्येक डबीवर बाहेरून मार्करने नंबर, आणि कुठला नंबर कुठल्या खोलीत हे कॉम्प्युटरवर. तळमजल्यावर राजारामतात्यांची खोली. एकटा म्हातारा, कबुतरांच्या भीतीने खिडकी कायमची बंद. तिसऱ्या माळ्यावर टोकाला प्रितीचं बिऱ्हाड, तिन्ही बाजूंनी वारा. प्रितीच्या मनूने, चार वर्षांच्या पोरीने, डबी बघून हट्टच धरला, म्हणून नीलने मार्करने तिच्या डबीवर नंबराशेजारी एक हसरा सूर्य काढून दिला.

नवरात्रात पद्मजाची आई गिरगावात बाथरूममध्ये पडली. खोताच्या वाडीजवळच्या खोलीत म्हातारी एकटी, आणि पद्मजा एकुलती एक. नीलला घेऊन ती तिकडेच राहिली. दसरा हॉस्पिटलात गेला. दिवाळीच्या तोंडावर परत आली ती अर्धी होऊन. डिसेंबर उजाडला तशी डब्या उतरवायची वेळ झाली. खोलीखोलीतून उतरवताना तिला दिसलं की नंबर उडालेत. मार्कर स्वस्तातला, हवा दमट, धुरळा, वाफ. तिला नवल वाटलं नाही. जी डबी जिथे होती तिथला नंबर तिने जागेवरच पुन्हा लिहिला. शाळेतून दमून आलेलं माणूस जे करेल तेच तिने केलं. लगेच दुसऱ्या डब्या टांगल्या, कारण सरांनी पावसाळ्यानंतरचा एक आणि हिवाळ्यातला एक असे दोन हंगाम सांगितले होते. "वेळ कमी पडला तर पहिल्यावर भागेल," असंही ते म्हणाले होते, आणि ते वाक्य तिने मनात घट्ट धरून ठेवलं.

मोजायचं काम कसं असतं ते मोजणाऱ्यालाच कळतं. सगळं तांबडं आणि त्यात उजेडाचे ठिपके. चौकोन सरकवायचा, ठिपके मोजायचे, लिहायचे, चौकोन सरकवायचा. मध्ये कोणी हाक मारली की पुन्हा सुरुवात. रविवारी संध्याकाळी ती घरी येई तेव्हा भाकरीवरही तिला ठिपके दिसत. सासूबाई, शैलाताई, ताट वाढून समोर बसत. मालवणहून लग्न होऊन लालबागला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, पण तोंडातली भाषा अजून तिथलीच.

"काय गो, मोजून झाला?"

"नाही हो आई. अजून आहे."

"किती मोजतलंस? चांदण्यो मोजूक बसलंस काय?"

"तसंच काहीतरी."

जानेवारीत आकडे हातात आले आणि गौतम सर खुर्चीत ताठ बसले. खरं तर तळमजला, बंद खिडकी, तिथे जास्त यायला हवं होतं. तात्यांच्या खोलीत निघालं कमी. सगळ्यात जास्त कुठे, तर तिसऱ्या माळ्यावर, प्रितीच्या खोलीत, जिथे वाऱ्याने कॅलेंडर भिंतीवर टिकत नाही.

"मॅडम, त्या घरात नवीन काय आहे? लादी? प्लास्टर?"

पद्मजाने आठवून पाहिलं. "ग्रॅनाइटचा ओटा, सर. मागच्या वर्षी बसवला. काळा, हा एवढा मोठा."

सर हसले. सहा महिन्यांत तिने त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ग्रॅनाइटमध्ये थोडं रेडियम असू शकतं. जुन्या चाळीत नवा ग्रॅनाइट ओटा, वरच्या माळ्यावर. कोणी बघितलेलंच नाही असं. मॅडम, यावर पेपर होईल."

त्या दिवशी येताना पद्मजाने पेढे घेतले. देवापुढे एक ठेवला. तिचा देव म्हणजे कोनाड्यातला, पितळेचा, बोटभर गणपती, माहेरून आणलेला. संध्याकाळी निरांजन लावताना गेले कित्येक महिने ती एकच मागायची, एवढं पार पडू दे. त्या दिवशी तिने काही मागितलं नाही, नुसते हात जोडले.

मग लिहायला बसली. इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजीत प्रबंध लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून जिना चढणं. चढता येतं, पण लक्ष सगळं पायाकडे. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं. सरांनी दोनदा तपासलं, तिने दोनदा बदललं. हिवाळ्यातल्या डब्या उतरवून झाल्या होत्या, पण त्यातल्या फिल्म तशाच पाकिटात होत्या. पहिल्यावर भागत होतं. प्रबंध एप्रिलअखेर द्यायचा होता आणि मार्चच्या मध्यालाच तो जवळजवळ तयार होता. आयुष्यात पहिल्यांदा पद्मजा कुठल्यातरी गोष्टीत वेळेच्या पुढे होती.

सर म्हणाले, ओट्याचा एक फोटो घाला.

फोटो काढायला ती तिसऱ्या माळ्यावर गेली. प्रितीने ओटा पुसून लखलखीत केला, वरची बरणी हलवली, पुन्हा ठेवली.

"बाई, माझ्या ओट्याचा फोटो पुस्तकात येणार? सासूला पाठवते. बसवताना किती बोलली होती मला."

"नाव नाही येणार गं. नुसता ओटा."

"ओटाच येऊ दे. आणि डबीचा नको? आता तर डबीच नाही म्हणा." प्रिती हसली. "मनूला विचारा. दसऱ्याला ती सूर्यासाठी केवढी रडलेली. दोन दिवस."

"कुठला सूर्य?"

"नीलने काढलेला नाही का? डबीवर. तो गेला ना पुसून."

पद्मजाने मोबाइल खाली केला. "तो आपोआप उडाला असेल. सगळ्यांचे नंबर उडाले होते."

"आपोआप कशाला? शैलाकाकूंनी धुतल्या ना सगळ्या. दसऱ्याला. तुम्ही गिरगावात होता तेव्हा. चाळभर फिरून गोळा केल्या, पूजा केली, संध्याकाळी परत आणून दिल्या. माझ्या हातात दिली तेव्हा कुंकू ओलं होतं अजून. तुम्हाला नाही सांगितलं?"

पद्मजा ओट्याला टेकून उभी राहिली. ग्रॅनाइट थंडगार होता.

"प्रिती, तुझी होती तीच परत दिली का गं?"

"ते काय माहीत, बाई. डब्या सगळ्या सारख्याच."

पद्मजा जिना उतरून सरळ घरी आली. शैलाताई तुळशीच्या कुंडीत पाणी घालत होत्या. पद्मजाने आवाज होता तेवढा खाली ठेवला.

"आई, दसऱ्याला तुम्ही माझ्या डब्या उतरवल्या होत्या?"

"उतरवलंय तर." शैलाताईंनी मागे वळूनही बघितलं नाही. "मगे काय करूचा? तू थय हॉस्पिटलात. घरातली सगळी हत्यारं पुजली आणि तुझीच रवली तर? विळी पुजली, कातर पुजली, दीपकचा पेचकस पुजला. ह्यांचो धोटो पुजलो." कापड विणायचा तो लाकडी धोटा सासऱ्यांनी मिल बंद पडली तेव्हा घरी आणला होता. दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल मिळायचं. "मिलीत दसऱ्याक सगळी मशिनां बंद. धुवायची, पुसायची, हार घालायचो. त्या दिवशी हत्याराक काम सांगूचा नाय. ह्ये म्हणायचे, पुजला नाय तर हत्यार वर्सभर दावा धरता."

"आणि परत देताना? कुणाची कुठली ते कसं कळलं?"

आता शैलाताई वळल्या. "कळूचा काय त्यात? ज्येका त्येका एक दिली. कोणाक कमी नाय, कोणाक जास्त नाय. परसादासारखी. आतल्या कागदाक हात लावलंय नाय हां. भायरसून घासलंय, इतकी काळी झाली होती ती." मग सुनेचा चेहरा बघून, "काय झाला गो?"

"काही नाही. चहा ठेवते."

चहा उतू गेला.

म्हणजे तात्यांची डबी थोडे दिवस तात्यांकडे आणि उरलेले दिवस भलतीकडेच. प्रितीकडे टांगलेली आधी कुठे होती, देव जाणे. आणि नंबर तिने स्वतः, आपल्या हाताने, पक्क्या मार्करने लिहिले होते. सासूने प्रेमाने घासलं आणि सुनेने विचारल्याशिवाय लिहिलं. चूक कोणाच्या पदरात घालायची तेही धड समजेना.

शनिवारपर्यंत तिने कोणाला सांगितलं नाही. दहावीचे बोर्डाचे पेपर तपासायला आले होते, ते तपासत राहिली. गठ्ठा संपवायचा, दुसरा घ्यायचा. एकदा मनात आलंच, कोणाला कळणार आहे? सर खूश आहेत. प्रकरण लिहून झालंय. प्रिती काय परीक्षकाला सांगायला जाणार आहे? ओट्यात रेडियम असूही शकेल. संध्याकाळी निरांजन लावायला गेली आणि काडी पेटवून तशीच उभी राहिली. बोटाला चटका बसला तेव्हा भानावर आली. पार पडू दे, असं रोज म्हटलं होतं. आता काय म्हणायचं? खोटं पार पडू दे? हे काही तिच्या तोंडून निघेना.

शनिवारी रात्री तिने दीपकला सांगितलं. तो म्हणाला, "आईला ओरडू नकोस."

"मी ओरडले का?"

"नाही. म्हणूनच म्हणतोय. तू ओरडत नाहीस तेव्हा जास्त भीती वाटते."

रविवारी माटुंग्याला गौतम सरांना तिने एका दमात सगळं सांगितलं.

"दसरा," सर म्हणाले. "आमच्या घरी त्या दिवशी वेगळा कार्यक्रम असतो, मॅडम. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यात विहारात. पण वडील मिलमध्येच होते. मशीनला हार घालायचेत म्हणून सकाळी आधी खात्यात जाऊन यायचे. मशीनचा मान मशीनला, म्हणायचे." जरा हसले, मग ते हसूही गेलं. "तुम्ही मला सांगितलंच नसतंत तर?"

"सर, सांगितलंय ना आता."

"हो. सांगितलंत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही तो पेपर हवा होता, हे तिला दिसलं. "मग पहिला हंगाम गेला. ग्रॅनाइट गेला. हिवाळ्याच्या फिल्म आहेत, त्या अजून सोड्यात घालायच्या, मोजायच्या. एप्रिलअखेरपर्यंत. होईल?"

"होणार नाही असं वाटतं," पद्मजा म्हणाली. "पण चालू करते."

सरांनी तिला रोज संध्याकाळी मायक्रोस्कोप वापरायची परवानगी काढून दिली. शाळा सुटली की परळहून माटुंगा, प्रयोगशाळेचा शिपाई चावी वाजवेपर्यंत मोजणी, मग घर. घरी बोर्डाचे पेपर. गुढीपाडवा आला, गुढी शैलाताईंनीच उभी केली. रामनवमीला चाळीत भजन होतं, ते तिने अर्ध्या झोपेत ऐकलं. गिरगावला आईकडे जायचं तर बसमध्येही डोळे मिटले की तांबडं आणि त्यात ठिपके. एकदा वर्गात फळ्यावर भिंगाची आकृती काढताना तिचा खडू थांबला आणि मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, झोपलात?" वर्ग हसला. तीही हसली. दुसरं काय करणार.

मधेच एकदा घरी आली तर शैलाताई देवासमोर बसलेल्या. दिवा लावलेला, पण पोथी मिटलेली.

"प्रितीन सांगितल्यान माका," त्या म्हणाल्या. "तुझा सगळा मोडला म्हणे माझ्यामुळे."

"मोडलं नाही हो. पुन्हा करतेय."

"पुन्हा करतंस म्हणजे मोडलाच ना?" त्यांनी मिटलेली पोथी बाजूला सारली. "माझ्या मनात काय होता, गो? बाईंचा काम देवासमोर नको रवूक. येवढाच होता."

पद्मजा चपला काढून तशीच जमिनीवर बसली. "माहितेय, आई. नंबर मी आतून लिहायला हवे होते. बाहेरून लिहिलं ते कोणीही पुसणार. जेवायला काय आहे?"

"वालाची उसळ."

"वाढा."

त्यानंतर शैलाताईंनी तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचं सोडलं. तिची पिशवी खुर्चीवर असली तर त्या खुर्चीवर बसत नसत. कागद पंख्याने उडाला तरी उचलत नसत, नीलला हाक मारत. पद्मजाला ते टोचायचं, पण "असं करू नका" म्हणायलाही अंगात ताकद लागते.

आकडे आले. तळमजल्यावर सगळ्यात जास्त, त्यातही तात्यांच्या बंद खोलीत. वर जाऊ तसं कमी. प्रितीच्या खोलीत सगळ्यात कमी. ओटा आपला निमूट ओटा होता, चपात्या लाटायचा. जे पुस्तकात लिहिलेलं असतं तेच निघालं होतं. सगळे आकडे मर्यादेच्या आत. ग्रॅनाइटचं प्रकरण तिने कॉम्प्युटरवरून पुसलं तेव्हा प्रबंध एकदम रोडावला, तापातून उठलेल्या पोरासारखा.

तात्यांना सांगायला मात्र ती गेली. "तात्या, मर्यादेतच आहे, घाबरायचं नाही. पण खिडकी उघडत चला. हवा खेळली की कमी होतं."

"खिडकी उघडली की कबुतरं आत येतात, बाई."

"जाळी लावा."

"जाळी कोण लावतंय? बिल्डर येणार आहे म्हणे." बिल्डर येणार हे तात्या वीस वर्षं म्हणत होते. पद्मजाने दीपकला सांगितलं आणि त्याने एका रविवारी जाऊन जाळी मारून दिली. तात्या खिडकी उघडतात की नाही, ते तिने पुन्हा विचारलं नाही.

प्रबंधात पहिल्या हंगामाबद्दल एक परिच्छेद लिहावा लागला. सर म्हणाले, "हाताळणीत चूक झाली, एवढंच लिहा." तिने विचार केला. मग इंग्रजीत, आपल्या साध्या इंग्रजीत, तिने जसं झालं तसंच लिहिलं. दसऱ्याला उपकरणांची पूजा करण्यासाठी सर्व डब्या उतरवून धुतल्या गेल्या, परत टांगताना त्यांची जागा बदलली, आणि मी न विचारता नवे नंबर घातले. म्हणून ते सर्व आकडे वगळले आहेत. सरांनी वाचलं, पेन उचललं आणि काहीच न खोडता ठेवून दिलं.

तोंडी परीक्षा जूनच्या सुरुवातीला होती. परीक्षक म्हणून बाहेरगावच्या एक वयस्कर मॅडम आल्या होत्या. त्यांनी पानं उलटली आणि नेमक्या त्याच पानावर थांबल्या.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"हो, मॅडम."

"एक पूर्ण हंगाम टाकून दिलात. मग प्रबंधात उरलं काय?"

"उरलं ते खरं आहे, मॅडम. थोडं आहे."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पुढच्या वेळी नंबर कुठे लिहाल?"

"आतून. कोरून."

पुढचे प्रश्न सोड्याच्या तापमानाचे होते, ठिपके मोजताना चूक किती धरली त्याचे होते. एक-दोन तिला आले नाहीत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "काम लहान आहे. त्यामुळे मार्कही बेताचेच देणार. पण पास आहात. बसा, पाणी प्या. चेहरा उतरलाय तुमचा."

बाहेर गौतम सर उभे होते. "ग्रॅनाइट असता तर फर्स्ट क्लास होता," ते म्हणाले.

"माहितेय, सर."

"ज्युनिअर कॉलेजला चालेल ना पण एवढं?"

"मुख्याध्यापिका म्हणाल्यात, कागद आणून द्या, बघू." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "बघू म्हणाल्यात."

घरी पोचली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. नील क्लासला गेलेला, दीपक यायचा होता. पिशवीतून तिने बांधणी करून आणलेली आपली प्रत काढली. काळा रेक्झिनचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, नाव चिंदरकर पद्मजा दीपक. ती शैलाताईंच्या हातात द्यायला गेली, पण त्यांनी हात मागे घेतले.

"थय ठेव. देवाकडे ठेव. झाला?"

"झालं, आई. पास."

तिने प्रत कोनाड्यासमोर पाटावर ठेवली, हात जोडले. काही मागायचं राहिलं आहे का, आठवेना. मग तिथेच भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली. अंगातलं सगळं कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं.

शैलाताईंनी निरांजन लावलं. गणपतीला हळदकुंकू वाहिलं. मग त्यांचं लक्ष पाटावरच्या काळ्या पुठ्ठ्याकडे गेलं. कुंकवाच्या करंड्यात बुडवलेलं बोट त्यांनी उचललं आणि पुठ्ठ्यावर नेता नेता मध्येच थांबवलं.

"लावू काय गो?"

पद्मजाची मान भिंतीवर कलली होती, तोंड जरासं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. चांगलीच झोप लागली होती.

शैलाताईंनी पुन्हा हाक मारली नाही. कुंकवाचं बोट तसंच वर धरून त्या पाटासमोर बसून राहिल्या, सून जागी व्हायची वाट बघत.